प्रागच्या चार होस्पोदा आणि एक संथ दिवस: चेक बिअर चाखू पाहणाऱ्या नवख्यांसाठी

प्रागमध्ये मित्रांसोबत बिअरसाठी एक अख्खा दिवस राखून ठेवला असेल, तर सर्वप्रथम हातातली यादी निम्म्याने कमी करावी. पहिल्यांदा जाणारे बहुतेकजण आठ-दहा ठिकाणांची नावे लिहून आणतात, प्रत्येक ठिकाणी एकेक ग्लास उभ्या-उभ्या संपवतात आणि संध्याकाळी कोणती बिअर कुठे प्यायलो हेही त्यांना आठवत नाही. माझ्या पहिल्या खेपेलाही नेमके हेच झाले. सात ठिकाणे पालथी घातली आणि त्यांतल्या एकाही बिअरची चव मला नंतर सांगता येईना. पुढच्या वेळी मी फक्त चार ठिकाणे निवडली, पहिल्या दोन्ही ठिकाणी मुद्दाम एकच बिअर मागवली आणि तेव्हा कुठे या देशात बिअर इतक्या गंभीरपणे का घेतली जाते ते उमगले. पुढे सांगितलेला क्रम त्याच दिवसावर बेतलेला आहे. ही चारही ठिकाणे जुन्या प्रागमध्ये एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, त्यामुळे दिवसभरात कोणतेही वाहन लागत नाही.

आधी एक शब्द समजून घ्यावा. चेक भाषेत अशा ठिकाणाला ‘होस्पोदा’ म्हणतात. आपल्याकडच्या परमिट रूमचे मंद दिवे आणि कोपऱ्यातली टेबले मनात ठेवून तिथे गेल्यास गोंधळ होतो. होस्पोदाची तुलना करायचीच असेल, तर ती गावातल्या पाराशी करावी. तिथे त्याच वेळी, त्याच जागी, तीच माणसे रोज येऊन बसतात. म्हातारे, तरुण, बायका, पुरुष सगळे असतात आणि बोलणे हे मुख्य काम असते. बिअर त्या बोलण्याला सोबत करते. दरडोई बिअर पिण्यात चेक प्रजासत्ताक अनेक वर्षे जगात पहिला आहे, पण चांगल्या होस्पोदात बसून पाहिले तर तिथे घाई अशी कुणालाच नसते.

आदल्या रात्री: अंश आणि रंग

फलकावर किंवा मेनूवर बिअरच्या नावापुढे १०, ११, १२ किंवा १३ असे आकडे दिसतात. नवखा माणूस ते अल्कोहोलचे प्रमाण समजून दचकतो. प्रत्यक्षात हा आकडा आंबवण्यापूर्वीच्या मॉल्टच्या, म्हणजे मोड आणून भाजलेल्या जवाच्या, रसाचा असतो: वजनाने शंभर भाग रसात किती भाग विरघळलेला अर्क, म्हणजे मुख्यतः साखर, होती ते तो सांगतो. ही मोजपट्टी एकोणिसाव्या शतकात प्रागमधील रसायनशास्त्रज्ञ कार्ल बालिंग यांनी तयार केली. कोल्हापूर-सांगलीकडे साखर कारखान्याशी संबंध आलेल्या वाचकांना उसाच्या रसाचा ‘ब्रिक्स’ ठाऊक असतो. ब्रिक्सची मोजपट्टी ही बालिंग यांच्याच मोजपट्टीची सुधारलेली आवृत्ती आहे, म्हणजे आपण ज्या तत्त्वाने रसाची गोडी जोखतो त्याच तत्त्वाने चेक माणूस बिअर मागवतो. दहा अंशांच्या बिअरला ‘देसीत्का’ म्हणतात आणि तिच्यात साधारण ४ टक्के अल्कोहोल असते. बारा अंशांची ती ‘द्वानात्स्त्का’, तिच्यात साधारण ५ टक्के. अकरा-बारा अंशांच्या बिअरला ‘लेझाक’ असेही म्हणतात; थंडाव्यात मुरवत ठेवलेली बिअर असा त्या शब्दाचा रोख आहे.

रंगांसाठी तीन शब्द पुरतात. ‘स्व्येत्ले’ म्हणजे फिकट सोनेरी, ‘पोलोत्माव्हे’ म्हणजे तांबूस आणि ‘त्माव्हे’ म्हणजे काळपट. फिकट आणि काळी एकत्र ओतून केलेली ‘र्झेझाने’ही मिळते. दिवसाचा क्रम फिकटाकडून काळ्याकडे आणि कमी अंशांकडून जास्त अंशांकडे ठेवावा, कारण काळ्या बिअरमधल्या भाजलेल्या मॉल्टची गोडसर-करपट चव जिभेवर बसली, की त्यानंतर फिकट बिअरमधला हॉप्सचा, म्हणजे बिअरला चव आणि सुगंध देणाऱ्या फुलांचा, नाजूक कडवटपणा कळेनासा होतो.

अल्कोहोलचा हिशेबही आदल्या रात्रीच करून ठेवावा. भारतात ‘स्ट्राँग’ म्हणून मिळणारी ८ टक्क्यांची, ६५० मिलिलिटरची बाटली घेतली तर तिच्यात शुद्ध अल्कोहोल सुमारे ४१ ग्रॅम भरते. पिल्सनर या फिकट चेक बिअरच्या अर्ध्या लिटरच्या ग्लासात ते सुमारे १७ ग्रॅम असते. याचा अर्थ आपल्या एका बाटलीत तिथले दोन ग्लास सहज मावतात. त्यामुळे पहिल्या ग्लासानंतर ‘ही तर हलकी आहे’ असे वाटते आणि नेमका तिथेच हिशेब चुकतो, कारण तिथे ग्लास संपताच न मागता दुसरा येतो.

सकाळ: पोट, पैसे, पास

न्याहारी भरपेट करावी. खिशात थोडे रोख कोरुना, म्हणजे चेक चलन, असावेत, कारण काही जुन्या होस्पोदांमध्ये अजूनही कार्ड चालत नाही. पैसे बँकेच्या एटीएममधून काढावेत आणि पर्यटकांच्या गल्ल्यांतली मोठ्या अक्षरांची ‘शून्य कमिशन’वाली दुकाने टाळावीत. शहराच्या मध्यभागात अर्ध्या लिटरला साधारण ६० ते ९० कोरुना पडतात. परतीसाठी मेट्रो-ट्रामचा चोवीस तासांचा पास घेऊन ठेवावा आणि पहिल्या प्रवासाला तो यंत्रात टाकून त्यावर वेळेचा शिक्का मारून घ्यावा. भाड्याची गाडी असेल तर ती त्या दिवशी जागची हलवू नये. चेक कायद्यात चालकाच्या रक्तात अल्कोहोल शून्यच असावे लागते, थोडे चालेल अशी सवलत नाही.

गट चौघांचा उत्तम. चौघांना एका टेबलाची एक बाजू मिळू शकते; आठजणांना बहुधा दारातूनच परतावे लागते. गटात कुणी बिअर घेणारे नसेल तर त्यांनाही निःसंकोच सोबत न्यावे. ‘बिरेल’ ही बिनअल्कोहोलची बिअर आणि ‘कोफोला’ हे वनौषधींच्या चवीचे चेक कोला पेय जवळपास सर्वत्र मिळते, आणि ते मागवणाऱ्याकडे कुणी वळून पाहत नाही.

साडेअकरा: द्लोउहा रस्ता, आणि फेसाचा पहिला धडा

पहिले ठिकाण ‘लोकाल’, जुन्या शहराच्या चौकापासून काही मिनिटांवर, द्लोउहा रस्त्यावर. ‘द्लोउहा’ म्हणजे लांब, आणि आतली खोलीही बोगद्यासारखी लांबच लांब आहे. दुपारच्या जेवणाची गर्दी सुरू होण्यापूर्वी इथे पोहोचावे. इथली पिल्सनर टाकीतून येते: कारखान्यातून निघालेली, पाश्चराइझ न केलेली बिअर थंड टाक्यांमध्ये आणून साठवतात आणि तिथून थेट नळाला जोडतात. बाटलीतली पिल्सनर आपण इतरत्र चाखलेली असली तरी ही तिची सख्खी बहीण नव्हे, चुलत बहीण वाटते.

या बिअरची जन्मकथा टेबलावर बसल्या-बसल्या मित्रांना सांगण्यासारखी आहे. प्लझेन शहरातल्या बिअरचा दर्जा इतका घसरला होता, की १८३८ मध्ये लोकांनी ३६ पिंपे नगरभवनासमोर ओतून दिली. त्यानंतर नागरिकांनी मिळून नवा कारखाना उभारला आणि बव्हेरियाहून योसेफ ग्रोल या ब्रूमास्टरला, म्हणजे बिअर बनवणाऱ्या उस्तादाला, बोलावले. ५ ऑक्टोबर १८४२ रोजी त्याने तिथे पहिला घाणा लावला. प्लझेनचे अत्यंत मृदू पाणी, फिकट भाजलेला मॉल्ट आणि झातेत्स परिसरातले सुगंधी हॉप्स यांच्या मेळातून जी स्वच्छ सोनेरी बिअर निघाली, तिची नक्कल पुढे जगभर झाली. आज भारतात ‘पिल्सनर’ किंवा ‘लागर’ म्हणून जे मिळते त्यातल्या बहुतेकांचे मूळ इथे आहे. झातेत्स आणि तिथली हॉप्सची शेती यांना २०२३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळाले.

आता मुख्य गोष्ट. चेक लोकांत अशा अर्थाची एक म्हण आहे, की बिअर शिजवतो ब्रूमास्टर, पण ती घडवतो नळावरचा माणूस. या माणसाला ‘विचेपनी’ म्हणतात. एकच बिअर तो तीन प्रकारे ओततो आणि या तिन्ही प्रकारांची नावे पाठ करून गेल्यास निम्मी लढाई जिंकल्यासारखी आहे. ‘ह्लादिन्का’ हा नेहमीचा प्रकार: वर तीन बोटे दाट ओला फेस आणि खाली बिअर. ‘श्नित’ म्हणजे अर्ध्या लिटरच्याच ग्लासात कमी बिअर, तिच्याहून जास्त फेस आणि वर थोडी रिकामी जागा. ‘म्लीको’ म्हणजे दूध. नावाप्रमाणे जवळजवळ सगळा ग्लास पांढऱ्या, ओल्या, गोडसर फेसाचा असतो आणि तो फेस बसण्याआधी दोन-चार घोटांत संपवायचा असतो.

आपल्याकडे फेस म्हणजे फसवणूक अशी समजूत आहे, आणि काठोकाठ भरलेला ग्लास म्हणजे प्रामाणिक दुकानदार. ही समजूत दाराबाहेर ठेवावी. नळाजवळची जागा मिळाली तर दहा मिनिटे फक्त ओतणे पाहावे. विचेपनी आधी ग्लास थंड पाण्याने आतून-बाहेरून खळखळून घेतो, कारण कोरड्या काचेवर फेस फाटतो आणि साबणाचा किंवा तेलाचा लवलेशही त्याला मारतो. मग तो ग्लास तिरपा धरून नळाची चोच आत बुडवतो आणि आधी फेस सोडतो, त्यानंतर नळ पूर्ण उघडतो. बिअर त्या फेसाच्या खालून वर चढत जाते. अशा ओतण्यात बिअरचा हवेशी संबंध जवळजवळ येतच नाही. तो फेस झाकणासारखा काम करतो: सुगंध आत राखतो, वायू लवकर उडू देत नाही आणि शेवटच्या घोटापर्यंत चव ताजी ठेवतो. त्याला साबणाच्या बुडबुड्यांसारखे डोळे नसतात. तो दुधावरच्या जाड सायीसारखा एकसंध असतो. पिताना प्रत्येक घोटानंतर काचेच्या आतल्या बाजूला फेसाचे एक कडे उरते. ग्लास संपल्यावर ही कडी एकाखाली एक स्पष्ट मोजता आली, तर ग्लास स्वच्छ होता आणि ओतणारा आपल्या कामात पक्का होता असे समजावे.

इथे मागवण्याचा क्रम असा ठेवावा: प्रत्येकाने आधी एक श्नित, मग जेवणासोबत एक ह्लादिन्का, आणि शेवटी चौघांत मिळून एक म्लीको चाखून पाहावे. चाखत फिरणाऱ्यासाठी श्नितसारखा सोयीचा प्रकार नाही, कारण बिअर थोडी मिळते पण फेसासकट सगळी चव मिळते. बिअर सात अंश सेल्सिअसच्या आसपास येते. आपल्याकडच्या बर्फगार बाटलीपेक्षा ती कमी थंड लागेल आणि तेच योग्य आहे, कारण जीभ बधिर झाली की चव कळत नाही. पहिला घोट मोठा घ्यावा, फेसाच्या खालून. आधी मॉल्टची भाकरीच्या पापुद्र्यासारखी खरपूस गोडी लागते, मग घशाशी हॉप्सचा कडवटपणा येतो आणि तो चांगला अर्धा मिनिट टिकतो. ही बिअर, म्हणजे पिल्सनर उर्क्वेल, बारा अंशांची असूनही तिच्यात अल्कोहोल ४.४ टक्केच आहे. जी साखर आंबवली गेली नाही ती बिअरमध्येच राहते आणि तिला तो भरीव गोलावा देते.

जेवणाबद्दल मराठी वाचकांनी एक गोष्ट आधीच जाणून घ्यावी. होस्पोदातला चकणा आणि जेवण बहुतांशी मांसाहारी, त्यातही डुकराचे आणि गोमांसाचे असते. ‘व्हेपर्झोव्हे’ म्हणजे डुकराचे, ‘होव्येझी’ म्हणजे गोमांसाचे आणि ‘कुर्झेत्सी’ म्हणजे कोंबडीचे. गुलाश साधारणपणे गोमांसाचाच असतो, आणि व्हिनेगरमध्ये कांद्यासोबत मुरवलेले ‘उतोपेनेत्स’ हे डुकराच्या मांसाचे सॉसेज. शाकाहारींसाठी ‘स्माझेनी सीर’, म्हणजे पावाच्या चुऱ्यात घोळून तळलेला चीजचा जाड तुकडा, हा हुकमी पर्याय आहे. ‘नाक्लादानी हेर्मेलीन’ हे मऊ चीज तेलात कांदा, लसूण, मिरी आणि मिरची घालून अनेक दिवस मुरवलेले असते. लोणच्यावर वाढलेल्या माणसाला ते पहिल्याच घासाला आपले वाटते आणि पिल्सनरच्या कडवटपणाशी त्याचे छान जमते. बटाट्याचा ‘ब्रांबोराक’ आपल्या थालीपिठाच्या जवळ जाणारा आहे, मात्र तो चरबीत तळलेला नाही ना, हे विचारूनच घ्यावा.

टेबलाचे शिष्टाचार

होस्पोदात शिरताना ‘दोब्री देन’ म्हणावे. टेबलाला चार खुर्च्या मोकळ्या दिसल्या तर तिथे आधी बसलेल्यांना ‘ये तू व्होल्नो?’, म्हणजे ‘इथे जागा आहे का?’ असे विचारून बसावे; अनोळखी लोकांसोबत एका टेबलावर बसणे ही तिथली रीत आहे. टेबलावर ‘रेझेर्वे’ अशी पाटी असेल तर तिथे बसू नये. ती बहुधा ‘श्ताम्गास्त’ मंडळींची, म्हणजे रोजच्या गिऱ्हाइकांची जागा असते, आणि त्यांतले काहीजण वर्षानुवर्षे त्याच खुर्चीवर बसत आलेले असतात.

बसल्यावर ग्लासखालचा जाड कागदी गोल समोर ओढून ठेवला, की आपल्याला बिअर हवी असा त्याचा अर्थ होतो. वेटर ग्लास आणतो आणि सोबत कागदाची एक अरुंद पट्टी टेबलावर ठेवतो. हिला ‘लीस्तेक’ म्हणतात. प्रत्येक बिअरमागे तो त्यावर पेन्सिलीने किंवा पेनने एक रेघ मारतो. ही पट्टी म्हणजेच आपला हिशेब. ती हरवू नये, भिजवू नये आणि तिच्यावर स्वतः काही लिहू नये. ग्लास तळाला लागताच पुढचा न मागता येतो. थांबायचे असेल तर तो कागदी गोल रिकाम्या ग्लासावर झाकणासारखा ठेवावा आणि ‘झाप्लातीम, प्रोसीम’ म्हणजे ‘पैसे देतो’ असे सांगावे. मग वेटर एकत्र की वेगवेगळे असे विचारतो. एकत्रसाठी ‘दोह्रोमादी’ म्हणावे. वेगवेगळे देण्यातही कुणाला वावगे वाटत नाही. सेवा चांगली असेल तर रक्कम वरच्या आकड्यावर नेऊन किंवा सुमारे दहा टक्के जास्त देऊन एकूण आकडाच तोंडी सांगावा. टेबलावर चिल्लर ठेवून निघून जाण्याची पद्धत तिथे नाही.

ग्लास उचलताना ‘ना झ्द्रावी’ म्हणतात, म्हणजे ‘आरोग्यासाठी’. ग्लास भिडवताना प्रत्येकाच्या डोळ्यांत पाहावे. नजर चुकवणे तिथे अशिष्ट मानतात. आधीच्या ग्लासातली उरलेली बिअर नव्या ग्लासात ओतू नये. हे पाहून शेजारच्या टेबलावरच्या आजोबांना मनापासून वाईट वाटते.

पावणेतीन: हुसोवा रस्त्यावर तीच बिअर पुन्हा

जेवणानंतर चौकातून फिरत फिरत हुसोवा रस्त्यावर यावे आणि पावणेतीनलाच ‘उ झ्लातेहो तिग्रा’ या ठिकाणी दारात उभे राहावे. नावाचा अर्थ ‘सोन्याच्या वाघापाशी’. हे ठिकाण दुपारी तीनला उघडते आणि काही मिनिटांत भरते. लेखक बोहुमिल ह्राबाल इथले रोजचे गिऱ्हाईक होते, आणि जानेवारी १९९४ मध्ये राष्ट्राध्यक्ष वास्लाव हावेल यांनी अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांना बिअरसाठी इथेच आणले होते. त्या भेटीचे छायाचित्र पाहायला अनेकजण येतात, पण त्यासाठी टेबलांमधून वाट काढत फिरू नये. ही आजही प्रथम शेजारच्या माणसांची जागा आहे. वेटरने दाखवलेल्या जागी बसावे आणि ‘पाच वाजेपर्यंत’ असे त्याने सांगितले तर पाचला उठावे. ती जागा त्यानंतर कुणाची तरी असते.

इथे पुन्हा पिल्सनरच मागवावी. याच टप्प्यावर काहीजण कुरकुर करतात, की चाखायला आलो आणि पुन्हा तेच काय. माझ्या मते दिवसभरातला सर्वांत मोलाचा अनुभव हाच आहे. कारखाना तोच, अंश तेच, हॉप्स तेच. तरीही ग्लास वेगळा लागतो. मला इथे फेस अधिक घट्ट आणि कडवटपणा अधिक मवाळ वाटला, माझ्या मित्राला नेमके उलटे वाटले, आणि आम्ही त्यावर एक तास बोललो. नळ्यांची सफाई, तळघराचे तापमान, वायूचा दाब, ग्लास धुण्याची पद्धत, रोज किती बिअर खपते आणि म्हणून ती किती ताजी आहे, शेवटी नळावरचा हात: इतक्या गोष्टी एका ग्लासात उतरतात. नव्या बिअरमागे धावण्याऐवजी एकाच बिअरची दोन रूपे शेजारी ठेवली, की जीभ भेद ओळखायला शिकते. तो सराव पुढच्या दोन ठिकाणी उपयोगी पडतो.

इथे दोन ग्लास पुरेत. तिसऱ्यासाठी मोह होईल. तेव्हा ग्लासावर गोल ठेवावा.

साडेपाच: ना पेर्श्तीन्ये रस्ता आणि बुद्वार

हुसोवा रस्त्यावरून दक्षिणेकडे पाच मिनिटे चालले, की ‘उ मेद्वीद्कू’, म्हणजे ‘अस्वलांपाशी’, हे ठिकाण लागते. निघण्यापूर्वी पाणी प्यावे आणि थोडे रेंगाळत चालावे, म्हणजे डोके निवळते. इथे चेस्के बुद्येयोवित्से या शहरातली ‘बुद्वार’ मिळते. हा कारखाना १८९५ चा असून आजही सरकारी मालकीचा आहे, आणि ‘बडवायझर’ या नावावरून त्याचा अमेरिकी कंपनीशी शतकाहून अधिक काळ वाद चालला आहे. बुद्येयोवित्सेचे जर्मन नाव बुडवाइस असल्याने तिथल्या लोकांना ते नाव आपलेच वाटणे स्वाभाविक आहे. या कारखान्याची फिकट लेझाक सुमारे ९० दिवस थंडाव्यात मुरवतात.

लहान, म्हणजे ०.३ लिटरचा ग्लास मागवावा आणि पिल्सनर आठवत प्यावा. बुद्वार अधिक कोरडी लागते, कडवटपणा कमी आणि शेवट स्वच्छ. तिच्यात अल्कोहोल ५ टक्के आहे, म्हणजे अंश पिल्सनरइतकेच असूनही साखर अधिक आंबवलेली. दुपारचा धडा नीट झाला असेल तर हा फरक आकडा न पाहताही कळतो. या ठिकाणचा स्वतःचा छोटा कारखानाही आहे आणि तिथे ‘एक्स-बिअर ३३’ नावाची अतिशय गोड, मद्यार्कासारखी जड बिअर बनते, जिच्यात अल्कोहोल बारा टक्क्यांच्या आसपास असते. तिचा एक छोटा ग्लास चौघांत फिरवून एकेक घोट घ्यावा. प्रत्येकी एक मागवल्यास दिवस तिथेच संपतो.

सात: क्र्झेमेन्त्सोवा रस्ता आणि काळी बिअर

शेवटचे ठिकाण ‘उ फ्लेकू’. इथे १४९९ पासून बिअर बनते असे सांगतात. आठ दालने आणि आतले मोठे अंगण मिळून हजारावर माणसे बसू शकतात, अकॉर्डियनवाला टेबलांमधून वाजवत फिरतो आणि पर्यटकांची गर्दी नेहमीच असते. काही जाणकार म्हणूनच हे ठिकाण टाळायला सांगतात. मी तसे सांगणार नाही, कारण तेरा अंशांची जी काळी बिअर इथे बनते ती केवळ इथेच मिळते, आणि भाजलेल्या पावाची, कॉफीच्या पुसट कडवटपणाची, गुळाच्या काकवीसारखी अशी तिची चव दिवसाच्या शेवटी फार समाधान देते. काळी म्हणजे जड हा समज इथे गळून पडतो.

सावधगिरी मात्र बाळगावी. वेटर मोठ्या ताटलीत बिअरचे ग्लास घेऊन फिरत असतो आणि न विचारता समोर ठेवतो. दुसरा कुणी ‘बेखेरोव्का’ या वनौषधींच्या दारूचे किंवा मधाच्या दारूचे छोटे पेले घेऊन येतो आणि ते पाहुणचाराचा भाग असल्यासारखे पुढे करतो. ते फुकट नसतात. नको असल्यास हसून, पण स्पष्टपणे ‘ने, द्येकुयी’ म्हणजे ‘नको, धन्यवाद’ म्हणावे आणि पेल्याला हात लावू नये. प्रागमध्येच अन्यत्र एका ठिकाणी आमच्या हिशेबात न मागवलेला पाव आणि दोन जादा पेले लावले गेले होते. पट्टीवरच्या रेघा आणि आम्ही मोजलेले ग्लास यांची तफावत शांतपणे दाखवल्यावर ते कमी करण्यात आले. म्हणून गटातल्या एकाने दिवसभर मोजदाद ठेवावी, आणि तो शक्यतो सर्वांत कमी पिणारा असावा.

निघताना

एवढ्या क्रमात प्रत्येकी साधारण अडीच लिटर बिअर होते आणि ती आठ-नऊ तासांत, दोन जेवणांसह पसरलेली असते. ही वरची मर्यादा समजावी. हुसोवावरचा दुसरा ग्लास गाळला किंवा सगळीकडे श्नितच घेतला तरी अनुभवात काहीही उणे पडत नाही. दर ग्लासामागे पाणी मागावे. बहुतेक ठिकाणी साध्या पाण्याचेही पैसे पडू शकतात. ते आनंदाने द्यावेत.

उ फ्लेकूहून नदी पाच मिनिटांवर आहे. राष्ट्रीय नाट्यगृहापाशी येऊन व्ल्तावाच्या काठाने चालावे, पण आवाज खाली ठेवावा. रात्री दहानंतर शांततेचा नियम लागू होतो आणि खिडक्यांमागे लोक झोपलेले असतात. दारूड्या पर्यटकांच्या गोंगाटाला रहिवासी इतके कंटाळले होते, की ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रागच्या महापालिकेने रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत कंपन्यांनी काढलेल्या पब-फेऱ्यांवर बंदी घातली. चार मित्रांच्या स्वतःच्या दिवसाला ती लागू होत नाही, पण तिच्यामागची तक्रार आपण आणखी वाढवू नये. अनेक रस्त्यांवर आणि उद्यानांत उघड्यावर मद्यपानालाही मनाई आहे, तेव्हा हातात बाटली घेऊन फिरू नये.

दुसरा दिवस हाताशी असेल तर आगगाडीने दीड तासात प्लझेनला जाता येते. कारखान्याच्या जुन्या तळघरांत लाकडी पिंपातून काढलेली, न गाळलेली पिल्सनर तिथे चाखायला देतात. ती किंचित गढूळ असते, फेस तिचा आणखी मऊ, आणि हुसोवा रस्त्यावर आदल्या दिवशी सुरू झालेला वाद तिथे पुन्हा नव्याने घालता येतो.